आबांचा फुटवॉल: फुगलेल्या शिरांवरचं संशोधन समजून घेताना

विहिरीवरच्या मोटरीचा फुटवॉल गळायला लागला की काय होतं, हे शिरपूर तालुक्यातल्या शेतकऱ्याला सांगावं लागत नाही. पाईपच्या तळाशी बसवलेली ती झडप पाण्याला वर जाऊ देते, खाली येऊ देत नाही. तिच्यात काडीकचरा अडकला किंवा आतलं रबर झिजलं, की मोटर बंद केल्याबरोबर पाईपमधलं पाणी परत विहिरीत उतरतं. सकाळी बटण दाबलं तर मोटर नुसती फिरते, पाणी धरत नाही. मग वरून बादलीने पाणी ओतत बसा.

आमचे आबा, म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ, यांनी असे कितीतरी फुटवॉल विहिरीत उतरून बदलले असतील. त्यांच्या डाव्या पायाच्या शिरा चाळीशीतच फुगून वेड्यावाकड्या झाल्या होत्या. कुणी विचारलं तर म्हणायचे, "पाय भरी येतस, दुसरं काही नही." पुढे घोट्याच्या वरची, आतल्या बाजूची कातडी काळवंडली, कडक झाली. मग केळीच्या बागेत एक साधा ओरखडा लागला आणि त्याची जखम झाली. ती जखम दोन वर्षं भरली नाही. हळद झाली, कडुनिंबाचा पाला झाला, मलमं झाली, अँटिबायोटिकचे कोर्स झाले. साखर तपासली, ती नॉर्मल निघाली. "वय झालं, चालायचंच," असं सगळ्यांनी मान्य करून टाकलं. त्या सगळ्यांत मीही होतो, आणि ते मला अजून बोचतं.

शेवटी पायाची डॉपलर सोनोग्राफी झाली तेव्हा रिपोर्टात दोन ओळी होत्या: जांघेपासून खाली येणाऱ्या मोठ्या शिरेतली झडप निकामी, रक्त उलटं वाहतंय. मी आबांना ते समजावलं. ते क्षणभर गप्प बसले आणि म्हणाले, "मंग मना फुटवॉल गया म्हन ना!"

इतकं नेमकं वर्णन मला कुठल्याच पुस्तकात सापडलं नसतं. पण पुढचा प्रश्न अवघड होता. एका ठिकाणी लेसर सांगितलं, दुसऱ्या ठिकाणी ग्लू, तिसऱ्या ठिकाणी "आधी मोजे घाला, बघू". प्रत्येकजण म्हणत होता की आमच्या उपचाराला संशोधनाचा आधार आहे. तो आधार नेमका काय आहे, हे बघायला मी बसलो. जे कळलं ते इथे मांडतो आहे, कारण खानदेशात अशा पायांची माणसं घराघरात आहेत: सराफ बाजारात दिवसभर उभे राहणारे, भुसावळच्या रेल्वेत उभ्याने ड्युटी केलेले, फळ्यासमोर तीस वर्षं काढलेले शिक्षक, आणि पहाटेपासून चुलीपुढे आणि मग शेतात उभ्या असणाऱ्या बाया.

आधी पंप समजून घेऊ. हृदय रक्त पायाकडे ढकलतं, पण तिथून परत वर आणायला त्याचा जोर पुरत नाही. ते काम पोटरी करते. चालताना पोटरीचा स्नायू आवळतो, आतल्या खोल शिरा दाबल्या जातात आणि रक्त वर सरकतं. स्नायू सैल पडला की रक्त खाली यायला बघतं, तेव्हा शिरेतल्या दोन पाकळ्यांच्या झडपा मिटतात आणि त्याला अडवतात. स्तब्ध उभ्या माणसाच्या घोट्याजवळच्या शिरेत साधारण ८० ते ९० मिलिमीटर पारा इतका दाब असतो. तोच माणूस चालू लागला की दहाबारा पावलांत तो दाब २०-३० पर्यंत उतरतो. म्हणून आठ तास चालणाऱ्या पोस्टमनपेक्षा आठ तास एका जागी उभ्या राहणाऱ्याचे पाय संध्याकाळी जास्त भरून येतात.

झडपा खरंच आहेत का, हे तुम्ही स्वतःच्या हातावर बघू शकता. इंग्लंडच्या विल्यम हार्वे यांनी १६२८ मध्ये छापलेल्या ग्रंथात हा प्रयोग चित्रांसह दिला आहे. दंडाला रुमाल हलका आवळा, हाताच्या शिरा फुगतील. त्यातली एक लांब सरळ शीर निवडा. मनगटाच्या बाजूला तिच्यावर एक बोट दाबून ठेवा आणि दुसऱ्या बोटाने रक्त कोपराकडे सारत न्या. शीर रिकामी, चपटी झालेली दिसेल. आता वरचं बोट उचला. वरचं रक्त खाली येऊन ती शीर भरत नाही, मध्येच एखाद्या गाठीपाशी थबकतं. ती गाठ म्हणजे झडप. मग खालचं बोट उचललं की शीर झपकन खालून भरते. कष्टकरी माणसाच्या हाताच्या शिरा ठसठशीत असतात, त्यामुळे आमच्याकडे हा प्रयोग शेतात बसूनही जमतो. आबांनी तो सालदारालाही करून दाखवला.

व्हेरिकोजमध्ये, म्हणजे शिरा फुगण्याच्या या आजारात, ही झडप नीट मिटत नाही. कधी पाकळ्या खराब होतात, कधी शिरेची भिंतच सैल पडते आणि पाकळ्या एकमेकींपर्यंत पोचत नाहीत. डॉपलरमध्ये डॉक्टर पोटरी दाबून सोडतात आणि उलटा प्रवाह किती वेळ चालतो ते मोजतात. कातडीखालच्या शिरांत तो अर्ध्या सेकंदापेक्षा जास्त टिकला तर झडप गळकी धरतात. मांडीच्या आणि गुडघ्यामागच्या खोल शिरांसाठी ही मर्यादा एक सेकंदाची आहे. ही तपासणी पेशंटला उभं करून करायची असते, कारण आडव्या पायात पाणी उतरणार तरी कुठे? कुणी नुसतं झोपवून तपासलं असेल तर उभ्याने तपासायला सांगायला संकोचू नका.

रिपोर्टात किंवा केसपेपरवर सी २, सी ४ असं काहीतरी लिहिलेलं असतं. १९९४ मध्ये हवाई बेटांवर जमलेल्या तज्ज्ञांनी ठरवलेली ही पायरी आहे, जी पुढे २००४ आणि २०२० मध्ये सुधारली गेली. सी १ म्हणजे कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक रेषा. सी २ म्हणजे फुगलेल्या शिरा, सी ३ म्हणजे सूज. सी ४ मध्ये कातडी बदलते, काळवंडते. सी ५ म्हणजे भरून गेलेली जखम आणि सी ६ म्हणजे उघडी जखम. आबा सी ६ वर होते. सी २ ते सी ६ हा प्रवास प्रत्येकाचा होतो असं नाही, बहुतेकांचा होत नाही. पण काळी, कडक कातडी दिसू लागली की ती जखमेची आधीची पायरी आहे, हे घरात सगळ्यांना माहीत हवं.

हा बायकांचा आजार, असं आपल्याकडे सर्रास म्हणतात. स्कॉटलंडमधल्या एडिंबरा शहरात दवाखान्यात येणाऱ्यांऐवजी थेट वस्तीतून निवडलेले १५६६ लोक तपासले गेले, त्याचे आकडे १९९९ मध्ये आले. १८ ते ६४ वयाच्या त्या लोकांमध्ये मुख्य शिरा फुगलेले पुरुष ४० टक्के होते, स्त्रिया ३२ टक्के. दवाखान्यात कोण येतं आणि आजार कुणाला असतो, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आमच्याकडे तर उलटंही घडतं. लुगड्याखाली झाकलेला पाय वर्षानुवर्षं कुणी बघतच नाही. आईचा पाय मुलाने पाहिलेला नसतो. उभ्याने काम, वय, घरातला वारसा, बाळंतपणं, वजन यांचा वाटा आहे. इंग्लंडमधल्या जवळपास पाच लाख लोकांच्या माहितीवर आधारलेल्या २०१८ च्या अभ्यासात उंच माणसांना धोका जास्त असल्याचं दिसलं. पाण्याचा रकाना जितका उंच तितका तळाशी दाब जास्त, हे विहीरवाल्याला पटायला वेळ लागत नाही.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. एक उपचार दुसऱ्यापेक्षा चांगला, हे ठरवायचं कसं?

समजा एका शेतकऱ्याने जी-नाईन टिश्यूकल्चरची रोपं नदीकाठच्या काळ्या कसदार जमिनीत लावली आणि कंदाची केळी वरच्या मुरमाड तुकड्यात. घड मोजून तो म्हणाला, टिश्यूकल्चर भारी. तुम्ही लगेच म्हणाल, अरे, जमीनच वेगळी होती! उपचारांत हीच चूक फार सहज होते. तरुण, धडधाकट, पैसेवाला पेशंट लेसरकडे जातो आणि म्हातारा, दमेकरी मोज्यांवर राहतो. मग लेसरवाल्यांचे पाय चांगले झाले, यात लेसरचा वाटा किती आणि तारुण्याचा किती, हे कुणाला सांगता येणार? यावरचा तोडगा शेतातूनच आला, याचा मला फार आनंद वाटतो. इंग्लंडमधल्या रॉथमस्टेड कृषी संशोधन केंद्रात रोनाल्ड फिशर यांनी १९२० च्या दशकात सांगितलं की कुठल्या वाफ्यात काय लावायचं ते आपण ठरवायचं नाही, चिठ्ठी टाकायची. म्हणजे जमिनीचा बरेवाईटपणा दोन्ही बाजूंना सारखा वाटला जातो. हीच चिठ्ठी पुढे दवाखान्यात आली, आणि १९४८ मध्ये क्षयावरच्या स्ट्रेप्टोमायसिनची अशी चाचणी ब्रिटनमध्ये छापून आली. आज कुठलाही डॉक्टर "ट्रायलमध्ये सिद्ध झालंय" म्हणतो तेव्हा चिठ्ठी टाकली होती का, हा पहिला प्रश्न.

शिरांच्या बाबतीत चिठ्ठी यायला बराच काळ गेला. जर्मनीच्या फ्रीडरिश ट्रेंडेलेनबुर्ग यांनी १८९१ मध्ये मांडीतली मोठी शीर बांधण्याची शस्त्रक्रिया मांडली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तार घालून ती शीर ओढून काढण्याची पद्धत आली आणि शंभर वर्षं तीच चालली. १९९९ च्या आसपास नवी वाट निघाली: शीर ओढून काढायची नाही, आतून बंद करायची. सोनोग्राफीत बघत गुडघ्याजवळून बारीक नळी शिरेत सरकवतात, शिरेभोवती भूल मिसळलेलं सलाईन भरतात आणि उष्णतेने आतली भिंत जाळून ती मिटवतात. लेसरमध्ये ही उष्णता प्रकाशाची असते. रेडिओफ्रिक्वेन्सीत ती विजेच्या लहरींनी तयार होते, आणि नेहमीच्या पद्धतीत शिरेचा सात सेंटिमीटरचा तुकडा १२० अंशांवर वीस सेकंद तापवतात, मग नळी मागे घेऊन पुढचा तुकडा. फोममध्ये शिरेला चिकटवणारं औषध हवेसोबत घुसळून फेस करतात. इटलीच्या टेसारी यांनी २००० मध्ये दाखवलेली रीत म्हणजे दोन सिरिंज, मध्ये तीन तोंडांचा कॉक आणि पुढेमागे ढकलणं, बस. फेस रक्ताला बाजूला सारतो, त्यामुळे औषध भिंतीला नीट लागतं. ग्लू म्हणजे सायनोअ‍ॅक्रिलेट हा चिकट पदार्थ. त्याला उष्णता लागत नाही आणि शिरेभोवती भुलीच्या सुया टोचाव्या लागत नाहीत.

"शीर बंद केली तर रक्त जाणार कुठून?" असं आबांनी विचारलं, आणि हा प्रश्न प्रत्येकजण विचारतो. पायातलं बहुतेक रक्त खोल शिरांतूनच वर जातं. कातडीखालची ही शीर गळकी झाल्यावर वर नेण्याऐवजी खाली आणते. फुटलेला पाट बंद केला की पाणी चांगल्या पाटाने जातं, तसंच इथे. मात्र खोल शिरा मोकळ्या आहेत ना, हे आधी डॉपलरवर बघावंच लागतं.

मग यातलं चांगलं कुठलं? डेन्मार्कमध्ये ५०० पेशंटांवर चारही गोष्टी चिठ्ठी टाकून तपासल्या गेल्या: लेसर, रेडिओफ्रिक्वेन्सी, फोम आणि जुनी शस्त्रक्रिया. निकाल २०११ मध्ये आले. वर्षभराने शीर उघडी आणि गळकी सापडण्याचं प्रमाण फोममध्ये १६.३ टक्के होतं, बाकी तिन्हींत पाच-सहा टक्क्यांच्या आसपास. पहिल्या दहा दिवसांतलं दुखणं मात्र रेडिओफ्रिक्वेन्सी आणि फोममध्ये कमी होतं. त्या चाचणीतल्या लेसरमध्ये ते जवळपास शस्त्रक्रियेइतकंच. नेहमीच्या कामाला लागायला रेडिओफ्रिक्वेन्सी आणि फोमवाल्यांना साधारण एक दिवस लागला, लेसरवाल्यांना दोन, शस्त्रक्रियावाल्यांना चार. हातावर पोट असणाऱ्याला हे तीन दिवस फार मोठे आहेत. पण डेन्मार्कच्या माणसाचं नेहमीचं काम आणि पंचवीस किलोचा केळीचा घड खांद्यावर घेऊन पाटाच्या चिखलातून चालणं, हे एक नव्हे. तो एक दिवस आपल्याकडे किती दिवसांचा होईल, ते तुमचं काम सांगून डॉक्टरांना विचारायचं.

ब्रिटनमध्ये याहून मोठी चाचणी झाली. ११ केंद्रं, ७९८ पेशंट, आणि फोम, लेसर, शस्त्रक्रिया असे तीन गट. सहा महिन्यांचे निकाल २०१४ मध्ये आणि पाच वर्षांचे २०१९ मध्ये आले. उपचारादरम्यानच्या तक्रारी लेसरमध्ये एक टक्का, फोममध्ये सहा, शस्त्रक्रियेत सात. पाच वर्षांनी लेसर आणि शस्त्रक्रिया झालेल्यांचे पाय, त्यांच्या स्वतःच्या सांगण्यानुसार, फोमवाल्यांपेक्षा बरे होते, आणि खर्चाचा विचार करता लेसर सरस ठरलं. पाच वर्षांनी माहिती देणारे सुमारे तीन चतुर्थांश लोकच उरले होते. उरलेल्या एका चतुर्थांशाचं काय झालं, ते बरे झाले म्हणून आले नाहीत की कंटाळून, हे आकड्यांत दिसत नाही. दीर्घ मुदतीच्या प्रत्येक चाचणीला हे कमीजास्त लागू आहे.

"त्यांच्या स्वतःच्या सांगण्यानुसार" या शब्दांवर मला थांबायचं आहे, कारण सगळी गोम तिथे आहे. शिरांच्या चाचणीत दोन प्रकारची मोजणी होते. एक, सोनोग्राफीत शीर बंद दिसते का. दुसरी, माणसाला कसं वाटतं: पाय ठणकतो का, झोप लागते का, काम जमतं का, लोकांसमोर पाय दाखवायची लाज वाटते का. दुसऱ्या मोजणीसाठी स्कॉटलंडमधल्या अ‍ॅबर्डीनला तयार झालेली एक प्रश्नावली जगभर वापरतात. तिच्यात पेशंटला पायाच्या चित्रावर शिरा काढून दाखवायलाही सांगतात. आता डेन्मार्कच्या त्या चाचणीकडे पुन्हा बघा. फोममध्ये शिरा जास्त उघड्या राहिल्या, तरी वर्षभराने चारही गटांतल्या लोकांना आधीपेक्षा बरंच बरं वाटत होतं. म्हणजे "आमच्याकडे ९८ टक्के यश" असा बोर्ड दिसला, तर ते ९८ टक्के पडद्यावरच्या शिरेचे की चालणाऱ्या पायाचे, हे विचारल्याशिवाय त्या आकड्याला काही अर्थ नाही. आणि कधी मोजले, तेही. तीन महिन्यांनी बंद दिसलेली शीर पाच वर्षांनी उघडू शकते, शेजारी नवी शीरही फुगू शकते.

ग्लूच्या बाबतीत आणखी एक शब्द समजून घ्यावा लागतो. अमेरिकेत २२२ पेशंटांवर ग्लू आणि रेडिओफ्रिक्वेन्सी यांची तुलना झाली. तीन महिन्यांनी शीर बंद असण्याचं प्रमाण ग्लूमध्ये ९९ टक्के आणि रेडिओफ्रिक्वेन्सीत ९६ टक्के निघालं. २०१५ मध्ये तिकडच्या औषध नियामकाने ग्लूला मंजुरी दिली. पण ती चाचणी "ग्लू सरस आहे का" हे बघायला आखलेलीच नव्हती. "ग्लू फार कमी तर पडत नाही ना" एवढंच तिला तपासायचं होतं. नव्या बैलाने जुन्याइतकी नांगरट केली, असं सांगणं वेगळं आणि नवा बैल जुन्यापेक्षा ताकदीचा आहे असं सांगणं वेगळं. ग्लू हा शरीरात राहणारा बाहेरचा पदार्थ आहे. काहींना त्याची अ‍ॅलर्जी येते, पाय लाल होतो, खाजतो. ज्यांना सुयांची फार भीती आहे त्यांना तो सोयीचा. आबांना सुयांची भीती नव्हती, त्यामुळे आमच्यापुरता तो विषय तिथे संपला.

मोज्यांचं मात्र तसं पटकन संपत नाही. घोट्याशी सगळ्यात घट्ट आणि वर सैल होत जाणारे हे मोजे शिरांना बाहेरून आधार देतात, सूज उतरवतात. पण साध्या फुगलेल्या शिरांवर पहिला आणि एकमेव उपाय म्हणून मोजे पुरतात, याला भक्कम पुरावा नाही. ब्रिटनच्या नाइस या संस्थेने जुलै २०१३ मध्ये दिलेल्या मार्गदर्शनात क्रम असा आहे: गळकी शीर असेल तर आधी लेसर किंवा रेडिओफ्रिक्वेन्सी, ते जमत नसेल तर फोम, तेही जमत नसेल तर शस्त्रक्रिया, आणि यातलं काहीच शक्य नसेल तर मोजे. गरोदर बाईची गोष्ट वेगळी, तेव्हा शिरा बंद करायची घाई करत नाहीत, मोजेच देतात.

आणि आपला उन्हाळा! या बहुतेक चाचण्या जिथे झाल्या तिथे मोजे हे थंडीचं वस्त्र आहे. भुसावळ-जळगावकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो. तिथे मांडीपर्यंतचा घट्ट मोजा घालून बागेत पाणी भरायला सांगणं म्हणजे काय, हे सांगणाऱ्याने एकदा घालून बघावं. पेशंट मोजे घालत नाही, याला डॉक्टर हलगर्जीपणा म्हणतात. मला तो हवामानाचा प्रश्न वाटतो. आमच्याकडे गुडघ्याखालचे मोजे, पहाटे अंथरुणातून उठायच्या आधी चढवायचे आणि ऊन चढल्यावर घरी आल्यावर काढून पाय उंच ठेवायचा, इथपर्यंत तडजोड झाली, तीही डॉक्टरांना विचारूनच. रात्री बाजेच्या पायथ्याखाली दोन विटा.

एक गोष्ट मात्र पक्की ध्यानात ठेवा. विडी-सिगारेट ओढणाऱ्याच्या किंवा मधुमेह असणाऱ्याच्या पायात शुद्ध रक्त आणणाऱ्या धमन्याही अरुंद झालेल्या असू शकतात. अशा पायावर घट्ट मोजा किंवा पट्टी आवळली तर पाय जायची पाळी येऊ शकते. म्हणून आधी घोट्याचा आणि दंडाचा रक्तदाब मोजून तुलना करतात. पाच-दहा मिनिटांचं काम आहे. बोटांच्या टोकाला किंवा तळव्याला जखम असेल तर ती बहुधा शिरांची नसते, तिची वाट वेगळी.

आता जखमेबद्दल, कारण माझ्या मते या सगळ्या संशोधनातला सगळ्यात मोलाचा भाग हा आहे. शिरांच्या जखमेचा पाया म्हणजे पट्टी. थर देऊन, योग्य दाबाने बांधलेली. मेडिकलमधली क्रेप बँडेज कशीही गुंडाळली म्हणजे ती झाली असं नाही. पट्टीने बऱ्याच जखमा भरतात, पण पुन्हा उघडतात. २००४ मध्ये ब्रिटनमधल्या ५०० पेशंटांच्या चाचणीत अर्ध्यांना नुसती पट्टी आणि अर्ध्यांना पट्टीसोबत शिरेची शस्त्रक्रिया दिली. २४ आठवड्यांत भरलेल्या जखमा दोन्हीकडे सारख्याच, ६५ टक्के. पण वर्षभरात पुन्हा उघडलेल्या जखमा नुसत्या पट्टीत २८ टक्के आणि शस्त्रक्रियेसह १२ टक्के. फुटवॉल दुरुस्त केला की पाणी धरून राहतं, हे तिथे दिसलं.

मग प्रश्न उरला की फुटवॉल दुरुस्त करायचा कधी: जखम भरल्यावर, की आधीच? आपल्याकडे सरसकट सांगतात, "आधी जखम भरू द्या, मग बघू." २०१८ मध्ये ब्रिटनमधल्या २० केंद्रांवरची एव्हरा नावाची चाचणी आली. त्यात ४५० पेशंट होते. निम्म्यांची गळकी शीर दोन आठवड्यांच्या आत बंद केली, निम्म्यांची जखम भरल्यावर किंवा सहा महिने उलटल्यावर. दोन्ही गटांना पट्टी होतीच. लवकर शीर बंद केलेल्या गटात निम्म्या जखमा ५६ दिवसांत भरल्या, थांबलेल्या गटात त्याला ८२ दिवस लागले. २४ आठवड्यांनी ८५.६ टक्के विरुद्ध ७६.३ टक्के. जवळजवळ महिनाभर आधी जखम भरणं म्हणजे काय, हे रोज सकाळी पट्टी बदलताना घरात पसरणारा वास ज्यांनी सोसला आहे त्यांनाच कळेल.

पण या चाचणीची एक अट मी वाचली आणि आबांकडे बघून गप्प झालो. सहा आठवडे ते सहा महिने इतक्याच जुन्या जखमा तिच्यात घेतल्या होत्या. आबांची जखम दोन वर्षांची. म्हणजे ५६ दिवसांचा आकडा आबांना जसाच्या तसा लागू होत नव्हता. चाचणीत कोण घेतले आणि कोण वगळले, हे वाचायची सवय मला त्या दिवशी लागली. नाइसच्या मार्गदर्शनात तर असं आहे की गुडघ्याखालची शिरांची जखम दोन आठवड्यांत भरली नाही, तर पेशंटला रक्तवाहिन्यांच्या तज्ज्ञांकडे पाठवा. दोन आठवडे. आम्ही दोन वर्षं घालवली.

म्हणून जे माझ्याकडून झालं नाही ते तुम्हाला सांगतो. घोट्याच्या आतल्या बाजूला, काळवंडलेल्या कातडीत उघडलेली जखम पंधरा दिवसांत मिटली नाही तर मलम बदलत बसू नका, उभ्याने डॉपलर करून घ्या. धुळे, जळगाव, नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांत शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं आहेत, तिथल्या सर्जरी विभागात जाऊन चौकशी करा. सरकारी योजनेत काय बसतं ते तिथल्या आरोग्यमित्राला लेखी विचारा. फुगलेल्या शिरेतून अचानक रक्त उडालं तर घाबरून उभे राहू नका. आडवे व्हा, पाय उंच करा आणि स्वच्छ कापडाने दाबून धरा. आणि एकच पाय एकाएकी सुजून दुखायला लागला तर ती रक्ताची गुठळी असू शकते, त्याच दिवशी दवाखाना गाठा.

कुणी तुम्हाला "आमच्या ट्रायलमध्ये या" म्हणालं तर लगेच घाबरायचं कारण नाही आणि लगेच सही करायचंही नाही. भारतात १५ जून २००९ पासून अशा चाचणीची नोंद क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री ऑफ इंडिया या सरकारी नोंदवहीत करावी लागते, आणि ती कुणालाही इंटरनेटवर बघता येते. नोंदणी क्रमांक मागा. एथिक्स कमिटीची परवानगी मागा. संमतीपत्र तुम्हाला कळेल त्या भाषेत हवं, घरी नेऊन चार माणसांना वाचून दाखवायला वेळ हवा. मधूनच बाहेर पडायचा हक्क तुमचा, आणि बाहेर पडलात म्हणून तुमचे नेहमीचे उपचार कुणी थांबवू शकत नाही. चिठ्ठी निघणार आहे का, निघाली तर दुसऱ्या बाजूला काय मिळणार आहे, हे विचारा. डॉक्टर "तुम्हाला नवंच मिळेल" अशी खात्री देत असतील तर चिठ्ठी खरी नाही. खानदेशातल्या पायांवर, खानदेशातल्या उन्हात अशा चाचण्या व्हाव्यात, असं मला मनापासून वाटतं. आपण त्यात गेलो तरच पंचेचाळीस अंशांत मोजे कसे घालायचे, याचं उत्तर कुणीतरी शोधेल.

आबांचं सांगायचं राहिलं. आधी धमन्यांची तपासणी झाली, ती बरी निघाली. मग एका दिवसात लेसर झालं, संध्याकाळी ते चालत घरी आले. थरांची पट्टी दर आठवड्याला बदलली. जखम पूर्ण मिटायला साडेचार महिने लागले. एका माणसाच्या गोष्टीवरून लेसर चांगलं ठरत नाही, हे मी वर इतकं सांगितल्यावर मला मान्य करायलाच हवं. पट्टी नीट बांधली गेली यामुळेही फरक पडला असेल.

आता संध्याकाळी ते ओट्यावर बसून टाचा वरखाली करत असतात, पोटरीचा पंप चालावा म्हणून. परवा शेजारच्या मावशी लुगडं गुडघ्यापर्यंत वर करून त्यांच्यासमोर उभ्या होत्या, आणि आबा चष्मा लावून त्यांच्या घोट्याजवळची काळी कातडी बघत होते.